मुक्काम नागपुरात नको

विदर्भ पाहायला येणाऱ्या पाहुण्याला नागपुरात बहुधा एकच सल्ला मिळतो. मुक्काम नागपुरात करा, भाड्याची गाडी ठरवा, पहाटे निघा आणि रात्री परत या. एक दिवस ताडोबा, एक दिवस चिखलदरा, एक दिवस सेवाग्राम, जमले तर लोणार. सहलींचे बेतही याच पद्धतीने आखले जातात आणि नातेवाईकही हेच सांगतात. सल्ल्यामागे आपुलकी असते, पाहुण्याने रात्री घरी जेवावे, आपल्या ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर जावे अशी इच्छा असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि ते मी नागपूरकर म्हणूनच मांडतो आहे. या बेताने माणूस हजार-बाराशे किलोमीटर डांबर पाहतो आणि विदर्भ पाहायचा राहून जातो.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर त्याची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. तो म्हणतो, नागपूर मध्यवर्ती आहे, इथून सगळीकडे रस्ते जातात. समृद्धी महामार्गाने तर अंतरच उरले नाही. तालुक्याच्या गावांत कुटुंबाला राहण्याजोगी सोय नसते. आणि खेड्यापाड्यांत जायला स्वतःची गाडी नसेल तर हाल होतात. यातले शेवटचे दोन आक्षेप गंभीर आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. पहिला मात्र मुळातच तपासण्यासारखा आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

नागपूर मध्यवर्ती आहे हे सिद्ध करायला लोक सिव्हिल लाइन्समधल्या झिरो माइलच्या खांबाकडे बोट दाखवतात. खांब आणि त्याच्या शेजारचे चार घोडे शहराचे भूषण आहेत यात शंका नाही. पण हा दगड १९०७ सालचा, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातला आहे, आणि अशा ठिकाणांचे मुख्य काम समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की करून ठेवणे हे होते. खांबावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, कवर्धा अशा गावांची अंतरे मैलांत कोरली आहेत. ती प्रामुख्याने जुन्या मध्य प्रांतातल्या गावांची यादी आहे. तीत अमरावती नाही, अकोला नाही, वाशीम नाही. देशाचा मध्यबिंदू मानून आपण त्या दगडाचा अभिमान जरूर बाळगावा, पण देशाचा मध्य हा विदर्भाचा मध्य होत नाही. नकाशा समोर ठेवा. नागपूर विदर्भाच्या ईशान्येकडे, जवळजवळ उत्तर कडेवर आहे. उत्तरेला तासा-दोन तासांत मध्य प्रदेश लागतो. पश्चिमेला लोणार आणि दक्षिणेला सिरोंचा, दोन्ही तीनशे किलोमीटरहून दूर. अशा कोपऱ्यातल्या गावी खुंटा ठोकून अकरा जिल्हे पाहायचे म्हणजे रोज तोच रस्ता दोनदा तुडवणे आले.

याहून महत्त्वाचे कारण इतिहासात आहे, आणि ते फारसे कोणी बोलत नाही. आपण जे पाहायला जातो, त्यातले बहुतेक नागपूर वसण्यापूर्वी घडले आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाने नागपूर वसवले ते अठराव्या शतकाच्या आरंभी. भोसल्यांची राजधानी ते त्यानंतर झाले. त्याआधी दीड हजार वर्षे या प्रदेशाचे कारभार इतर गावांतून चालत होते. वाकाटकांची एक शाखा नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून राज्य करत होती, तर दुसरी वत्सगुल्महून, म्हणजे आजच्या वाशीमहून. याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली गेली. प्रवरसेनाच्या प्रवरपुराबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते पवनारला मानले, पुढे मनसरच्या उत्खननानंतर काहींनी ते मनसरला ठेवले. पण यांतले कोणतेही मत मान्य केले तरी निष्कर्ष एकच निघतो: वाकाटकांचा विदर्भ अनेक केंद्रांचा होता. नंतरच्या काळात वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी अचलपूर झाली, गोंड राजांची चंद्रपूर. मंदिरे, किल्ले, तलाव, बाजार, यात्रा हे सारे या गावांच्या आसपास जमले, कारण तेव्हाचे रस्ते तिथे मिळत होते. तेव्हा विदर्भ पाहणाऱ्याचा मुक्कामही त्याच जुन्या राजधान्यांत असावा, हे माझे म्हणणे आहे. हा केवळ इतिहासप्रेमाचा हट्ट नव्हे. त्या गावांना अजूनही आसपासच्या खेड्यांच्या वाटा मिळतात, एस. टी.चे आगार आहे, बाजाराचा दिवस आहे.

अचलपूरचेच पाहा. १८०३ च्या नोव्हेंबरअखेर अडगावची लढाई जिंकल्यावर आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाकडे वळला. तो आधी अचलपूरला आला, तिथून तयारी केली, स्टीव्हन्सनच्या फौजेला डोंगरातून वळसा घालून उत्तर बाजूने पाठवले, आणि १५ डिसेंबरला गड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघुजी भोसल्यांना वऱ्हाड सोडावे लागले. तो पराभव आजही मनाला लागतो. पण भूगोल वेलस्लीला नेमका कळला होता: गाविलगडाची किल्ली अचलपूरला आहे.

आता आजचा प्रवासी काय करतो? नागपूरहून चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि शेवटचा भाग घाटाचा. जायला पाच तास, यायला पाच तास. हाती उरतात दुपारचे दोन-तीन तास, म्हणजे नेमका तो वेळ, जेव्हा चिखलदऱ्याला धुके नसते, उन्हाने दऱ्या फिकट दिसतात आणि पार्किंगला जागा नसते. गाविलगडाचा दिल्ली दरवाजा पाहून लोक परततात, कारण गडाच्या आत दूरवर पसरलेले तलाव आणि तटबंदी पाहायला अर्धा दिवस लागतो. हाच माणूस अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याला तीन रात्री राहिला तर? पहाटेच्या गाडीने तासाभरात घाट चढून तो चिखलदऱ्याला सूर्य वर येण्याआधी असेल. दुसऱ्या दिवशी बैतूल रस्त्याने मुक्तागिरी, जिथे धबधब्याच्या आजूबाजूला ५२ जैन मंदिरे डोंगरउतारावर चढत गेली आहेत. ते स्थान मध्य प्रदेशाच्या हद्दीत पडते, पण परतवाड्याहून पंधरा किलोमीटरच्या आत आहे. डिसेंबर-जानेवारीत असाल तर त्याच रस्त्यावर बहिरमची यात्रा भरलेली असते. तिथले रोडगे आणि हंडीचे मटण खाण्यासाठी वऱ्हाडातले लोक मुद्दाम जातात. तिसऱ्या दिवशी अचलपूरचे जुने वेशीदरवाजे आणि गावाबाहेरचा हौज कटोरा. नाहीतर चांदूरबाजारकडून रिद्धपूर. महानुभावांच्या या गावात गोविंदप्रभू राहिले आणि चक्रधरस्वामी त्यांच्या भेटीला आले. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा ताम्रपटही इथेच सापडला, आणि तो दिला गेला होता रामगिरीस्वामींच्या पायांपाशी, म्हणजे मिराशींच्या मते रामटेकला.

रिद्धपूरचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुक्कामाचा विचार मराठीत किती जुना आहे हे महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त दिसते. चक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे तिथे दिशांसह नोंदली आहेत. देऊळ गावाच्या कोणत्या बाजूला, दार कोणत्या दिशेला, वाट कुठून, असे सगळे. आणि स्वामी जिथे बरेच दिवस राहिले ती जागा, जिथे एक रात्र राहिले ती, जिथे नुसते बसले ती, असा भेद केलेला आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या लोकांना हे पक्के माहीत होते की एखाद्या ठिकाणाशी नाते किती वेळ थांबलो यावर ठरते. ताडोबा-चिखलदरा-सेवाग्राम अशी दिवसागणिक वाटणी करणाऱ्या आपल्या आजच्या बेतांत ही जाण हरवली आहे याची मला खरोखर खंत वाटते.

आता वाहनाचा आक्षेप. खेड्यात एस. टी. वेळेवर मिळत नाही, असे म्हणणारे बरेचदा नागपूरहून बाहेर जाण्याच्या अनुभवावर बोलतात. एस. टी.चे वेळापत्रक कोणासाठी आखलेले असते ते समजून घेतले तर गोष्ट उलगडते. संध्याकाळी तालुक्याहून निघून खेड्यात रात्रभर थांबणारी मुक्कामी गाडी पहाटे शाळकरी मुले, दूधवाले, कचेरीत काम असणारे यांना घेऊन तालुक्याला येते. मग दिवसभर त्याच टापूत फेऱ्या होतात आणि शेवटची फेरी दिवेलागणीला परतते. सगळी रचना तालुक्याभोवती फिरते. नागपूरच्या गणेशपेठहून निघालेला माणूस तालुक्याला पोचतो तेव्हा सकाळच्या सोयीच्या फेऱ्या होऊन गेलेल्या असतात, आणि संध्याकाळी नागपूरची गाडी गाठायची म्हणून तो तीन वाजल्यापासून घड्याळ पाहू लागतो. तोच माणूस परतवाड्याला, मूलला किंवा मेहकरला राहत असेल तर वेळापत्रक त्याच्या बाजूने काम करते. महामंडळाच्या अडचणी मी नाकारत नाही. २०२१-२२ च्या दीर्घ संपात खेड्यांचे किती हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले, गाड्या जुन्या आहेत, काही फेऱ्या बंद झाल्या आहेत. पण चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास, महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास या सवलती असताना, सात दिवसांच्या गाडीभाड्याशी तुलना करून पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

रेल्वेबद्दल तर आपण फारच अनभिज्ञ आहोत. पूर्व विदर्भाभोवती रुळांचे एक वर्तुळ आहे. नागपूरहून हावड्याच्या मार्गाने गोंदिया, तिथून दक्षिणेला अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्ट, म्हणजे चंद्रपूर शहरच. मग दिल्ली-चेन्नई मार्गाने वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम आणि पुन्हा नागपूर. गोंदिया ते चांदा फोर्ट या मार्गावर गाड्या कमी आहेत, म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी लागते. पण एकदाही मागे न वळता, तोच रस्ता दुसऱ्यांदा न पाहता, झाडीपट्टी, गोंडांचे चंद्रपूर आणि गांधी-विनोबांचे वर्धा एका फेरीत होते. नागपूर या फेरीचे पहिले आणि शेवटचे स्थानक असावे, एवढीच त्याची योग्य जागा.

झाडीपट्टीच्या बाबतीत तर नागपूरच्या मुक्कामाचे समर्थन होऊच शकत नाही, कारण तिथली मुख्य गोष्ट रात्री घडते. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावोगावी नाटके लागतात. दिवसा शंकरपट किंवा मंडई, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र, नाट्यमंडळ्यांची कार्यालये तिथे आहेत. प्रयोगाला तिकीट असते, शेतकरी घरचे पाहुणे घेऊन येतात, थंडीत शाली पांघरून बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेकांना या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा कळले. महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात ग्रामीण प्रेक्षकाच्या पैशावर हंगामभर उभी राहणारी रंगभूमी आहे, आणि आपण पाहुण्यांना ती दाखवत नाही, कारण रात्री नऊला त्यांना नागपुरात जेवायला पोचवायचे असते! वडशाला उतरा, दिवसा नवेगावबांधला जा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांच्या या मुलखात मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून काळ काढला आणि तिथल्या पाखरांनी त्यांच्या लेखनाला आयुष्यभराचे खाद्य दिले. हिवाळ्यात पाण्यावर पक्षी असतात ते सकाळी लवकर. दुपारी बाराला पोचणाऱ्या गाडीला नुसते पाणी दिसते.

ताडोबाची गोष्टही वेळेचीच आहे. सकाळची सफारी उजाडताना सुरू होते. मोहर्ली दाराशी वेळेवर पोचायचे तर नागपूरहून मध्यरात्र उलटताच निघावे लागते, आणि चालकाला ती रात्र झोप नाही. त्याच चालकाने संध्याकाळी परतीची गाडी हाकायची. या एकाच कारणासाठी मी कोणालाही नागपूरहून एका दिवसात ताडोबा करू नका असे सांगेन. चंद्रपूरला राहिले तर मोहर्ली तासाभराच्या आत आहे, आणि मंगळवारी जंगलाचा कोअर भाग बंद असतो तेव्हा दिवस वाया जात नाही. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर या चार दरवाजांचा कोट, गोंड राजांच्या समाध्या, महाकालीचे मंदिर, भद्रावतीचे पार्श्वनाथ मंदिर आणि विजासनची लेणी हे सगळे हाताशी असते. मूल-चामोर्शी रस्त्याने वैनगंगेकाठी मार्कंडा आहे. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात या मंदिरसमूहाची नोंद केली तेव्हा वीज पडून झालेली पडझड आधीच जुनी होती. तिथली शिल्पे नीट पाहायला तीन तास तरी हवेत.

समृद्धीबद्दल बोललेच पाहिजे. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि लोणारला जाणाऱ्याची मोठी सोय झाली, हे निर्विवाद. मेहकरपर्यंत तासांची बचत होते. पण या रस्त्यावर चढणे-उतरणे ठरावीक ठिकाणीच होते, दुचाकीला मनाई आहे, आणि गावे मुद्दाम बाजूला ठेवलेली आहेत. तो नागपूरला मुंबईशी जोडायला बांधला आहे. दोन शहरांमधला मुलूख दाखवणे हे त्याचे काम नव्हे, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आपल्या हिशेबाचा आहे. लोणारला चार तासांत पोचता येते म्हणून चार तासांत परतायचे, हा कसला न्याय? उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेले ते विवर, त्याच्या काठची जुनी देवळे, गावातले दैत्यसूदनाचे मंदिर, २०२० साली रामसर यादीत गेलेले ते खारे पाणी, हे सारे पाहायला खाली उतरून काठाने चालावे लागते, आणि तेही ऊन चढण्याआधी. लोणारलाच राहा, किंवा मेहकर-वाशीमला. तिथून शेगावकडे निघालात तर मुंबई-नागपूर रेल्वेवर याल.

हे खूळ विदर्भापुरतेच आहे असेही नाही. मुले लंडनला नोकरीला असलेली नागपूरची कुटुंबे आता दर उन्हाळ्यात तिकडे जातात आणि तिथेही हेच करतात. मुक्काम लंडनला, इंग्लंडचा सरोवरांचा प्रदेशसुद्धा धावता. इंग्लंडच्या खेड्यांचा इतिहास मात्र वेगळे शिकवतो. १८४४ मध्ये विंडरमिअरपर्यंत रेल्वे येणार म्हणून कवी वर्डस्वर्थने कडाडून विरोध केला, १८४७ ला ती आलीच, आणि आज गाडी नसलेल्या माणसाला त्या प्रदेशात नेणारा तोच फाटा आहे. केसिकची रेल्वे मात्र १९७२ ला बंद झाली, तिथे बसने जावे लागते. जाणकार प्रवासी विंडरमिअर, ॲम्बलसाइड किंवा केसिक यांपैकी एका गावी आठवडाभर राहतो, रोज बसने थोडे जातो आणि पायी परततो. रेल्वे मुख्य अंतरासाठी, बस जवळच्यासाठी, पाय शेवटच्यासाठी. परतवाड्याला आणि वडशाला हाच क्रम लागू पडतो.

राहिला राहण्याच्या सोयीचा आक्षेप. तो खरा आहे, पण जितका सांगितला जातो तितका नाही. वर्धा, चंद्रपूर, अमरावती, गोंदिया इथे मध्यम खर्चात चांगली हॉटेले मिळतात. सेवाग्रामचे यात्री निवास आणि शेगाव संस्थानची भक्तनिवासे साधी पण स्वच्छ आहेत, चिखलदरा आणि लोणारला पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. अवघड आहे ते परतवाडा आणि वडसा यांसारख्या ठिकाणी. तिथे लॉज साधे असतात, आधी फोन करून खोली पाहून घ्यावी लागते. घरात वृद्ध असतील तर वडशाऐवजी ब्रह्मपुरी किंवा गोंदियाही चालेल. शासकीय विश्रामगृहे जुन्या काळापासून योग्य अंतरावर बांधलेली आहेत, मेळघाटातल्या कोलकास-सेमाडोहची वनविश्रामगृहे तर जागेच्या निवडीत अप्रतिम, पण शासकीय विश्रामगृहांत सामान्य माणसाला खोली मिळणे कठीण. ही विश्रामगृहे थोडी तरी खुली केली तर विदर्भाच्या पर्यटनाला नव्या महामार्गाहून जास्त मदत होईल, आणि लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा लावून धरला पाहिजे.

नागपूरच्या मुक्कामाचा एक भाग मी आनंदाने मान्य करतो. रामटेक, मनसर, नगरधन, अदासा, जुनापाणीची शिळावर्तुळे, पेंचचे सिल्लारी दार हे नागपूरहूनच करावे. तिथेही रामटेकला मात्र एक रात्र काढावी. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरे संध्याकाळी बंद होण्याआधी घाईने पाहण्याची नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडी गडावरून ढग येताना पाहिले की मिराशींनी ‘मेघदूता’चा रामगिरी इथेच का मानला ते ग्रंथ न उघडता पटते.

आणि भाड्याची गाडी? ती घ्यावीच, फक्त नागपूरहून नको. मेळघाटात हरिसालच्या पुढे, मार्कंड्याला, किंवा नरनाळ्याच्या पायथ्याशी जायचे त्या एकाच दिवशी परतवाडा, चंद्रपूर किंवा अकोटच्या चालकाची गाडी घ्या. त्याला घाटाची वळणे माहीत असतात, कोणत्या नाल्याला पाणी आहे ते माहीत असते, संध्याकाळी तो आपल्या घरी पोचतो, आणि भाड्याचे पैसे त्या तालुक्यात राहतात.